कुंभाराची भट्टी, सिमेंटची भट्टी

जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या नावातच कुंभार आहे. माती भाजण्याच्या त्याच जुन्या विद्येकडे सिमेंटचे संशोधक आता वळले आहेत.

सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते भाजलेले खडे, करताना भट्टीतलं तापमान सुमारे 1450 अंश सेल्सियसवर जातं. इंधनाचा धूर वेगळाच. खुद्द चुनखडीतून जो कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो एकूण कार्बनच्या निम्म्याहून जास्त भरतो. म्हणजे इंधन कितीही स्वच्छ वापरलं तरी प्रश्न उरतोच. क्लिंकरच कमी लागायला हवा.

मुंबई, दिल्ली, मद्रासच्या आयआयटी आणि स्वित्झर्लंडचं ईपीएफएल विद्यापीठ यांनी याच दिशेने काम केलं. त्यांच्या ‘एलसी-थ्री’ सिमेंटात क्लिंकर निम्माच. बाकी 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के कच्ची चुनखडी आणि थोडा जिप्सम. ही माती 700 ते 850 अंशांनाच भाजते, आणि कार्बन 30 ते 40 टक्के घटतो. 2023 साली त्यासाठी भारतीय मानकही आलं. जुन्या वाड्यांतली चुना-सुरखी आठवा: सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूडच!

मात्र वाटेल ती माती चालत नाही. तिच्यात केओलिनाइट हे खनिज साधारण 40 टक्के तरी हवं. मराठवाड्याची काळी जमीन मात्र मॉन्टमोरिलोनाइट या फुगणाऱ्या दुसऱ्याच खनिजाची.

पण जालना जिल्ह्यातल्याच घनसावंगी-अंबडच्या ऊसपट्ट्यात दुसरी वस्तू आहे: साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. आयआयटी मद्रासमधल्या अभ्यासात ती आधी चाळून अर्धवट जळालेले तंतू काढले, मग बारीक दळली. अशी राख सिमेंटच्या काही भागाची जागा घेऊ शकते.