त्वचा कोरडी पडतेय? घरीच बनवा कोकमतेलाचं बॉडी बटर

हिंजवडी : थंडीतली कोरडी हवा, त्यात राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या ऑफिसांत दिवसभर एसी. त्वचा ओढल्यासारखी होते, टाचांना भेगा पडतात. कोकणात यावर जुना उपाय म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, अर्थात मुठेल.

कसं बनवाल?
५० ग्रॅम कोकमतेल किसून ५० ग्रॅम तिळाच्या तेलात घाला. भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवा. निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवा. कडा गोठू लागल्या की मऊ होईपर्यंत फेटा.

कसं लावाल?
हे बटर त्वचेतलं पाणी अडवतं, नव्यानं देत नाही. म्हणून आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावा.

काय टाळाल?
पाणी किंवा कोरफडीचा गर मिसळू नका, बुरशी धरते. आधी हातावर थोडं लावून २४ तास पाहा. भेगांतून रक्त येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.