फळीला पंख फुटताना

आमच्या डहाणूच्या चिकूवाडीत, पंपाच्या खोलीमागे, पंचवीसहून अधिक वर्षे एक फळी पडून होती. विंडसर्फिंगची, साडेनऊ फूट लांब, दोन फूट रुंद. शीड केव्हाच कुजून गेलेले. थोरल्या भावाने ती मुंबईहून आणली होती. भाऊ गेला तेव्हा पुतण्या तीन वर्षांचा होता.

गेल्या दिवाळीत तो आला आणि म्हणाला, "काका, बाबांच्या फळीला फॉइल बसवू या."

फॉइल म्हणजे काय, हे मलाही त्यानेच समजावले. फळीच्या बुडाला अडीच फुटांचा दांडा आणि त्याच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. वेग आला की पाण्याखालचे हे पंख फळीला उचलतात आणि ती पाण्यावरून तरंगत जाते. कल्पना जुनीच. इटलीच्या फोर्लानिनीने १९०६ साली अशा पंखांवर बोट उचलून दाखवली होती. १९८४ साली ऑलिंपिकमध्ये आलेल्या विंडसर्फिंगच्या साध्या फळ्या २०२४ च्या पॅरिसमध्ये गेल्या, फॉइलवाल्या आल्या.

मेख होती ती खाचेत. जुन्या फळीच्या मागच्या खाचेत माशासारखा पर बसतो. त्याच्यावर जोर येतो तो मुख्यतः बाजूने. फॉइलचा जोर खालून वर, शिवाय लांब दांड्याची तरफ. जुन्याच खाचेत फॉइल बसवले, तर ती आतल्या थर्मोकोलमधून उपटून येणार, तेही भर समुद्रात.

बोर्डीच्या पुढे झाई, तलासरी तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. तिथे होड्यांना फायबर लावणारे एक कारागीर माझ्या ओळखीचे. टेम्पोत घालून फळी त्यांच्याकडे नेली. त्यांनी बोटाच्या पेराने ती या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिली. "दादा, हिनं पाणी प्यायलंय." भोक पाडून उभी केली, तर खरेच टिपटिप सुरू झाली! तीन आठवडे ऊन दिले, तेव्हा मासळीच्या काट्यावर वजन तीन किलोंनी उतरले.

मग त्यांनी आतल्या थर्मोकोलचा तुकडा काढून त्यावर होडीच्या पॉलिस्टर रेझिनचे चार थेंब टाकले. कापूर विरावा तसा तुकडा विरून गेला. "हेच ओतलं असतं तर आत पोकळच राहिली असती." म्हणजे इपॉक्सी हवे, ते मुंबईहून आले.

कापण्यापूर्वी वहिनींना विचारले. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "वाडीत पडून कुजण्यापेक्षा कापलेली बरी."

बुडापासून वरच्या पाठीपर्यंत आरपार चौकोन कापला. त्यात कठीण पीव्हीसी फोमचे ठोकळे, ठोकळ्यांत ९० मिलिमीटर अंतरावर दोन रूळ. या रुळांत फॉइलची पट्टी चार बोल्टांनी आवळायची. वरून काचेच्या कापडाचे थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा. म्हणजे जोर एका जागी न साचता पसरतो. खरे सांगायचे तर खर्च बराच आला. शिवाय आजच्या फॉइलच्या फळ्या मागे चांगल्या रुंद असतात, पायाला तोल सावरायला जागा मिळते. आमची अरुंदच राहणार. पण पुतण्याला नवी फळी नकोच होती.

ओहोटीला आमचा समुद्र पार लांब जातो आणि फॉइलला निदान छातीभर पाणी लागते. म्हणून पौर्णिमेनंतरची दुपारची भरती धरली, जाळ्यांचे खुंट नसलेली जागा निवडली. लाइफ जॅकेट, हेल्मेट घातल्याशिवाय वहिनींनी त्याला पाण्यात जाऊ दिले नाही.

दोनदा तो आपटला. तिसऱ्यांदा फळी वीतभर उचलली गेली आणि तिच्या बुडाची फटफट एकदम थांबली. दहा-बारा सेकंद असतील. वहिनी वाळूवर उभ्याच होत्या.

पुतण्या बाहेर आला तेव्हा झाईच्या कारागिरांनी आधी फळी उलटी केली आणि रुळांच्या कडेने नख फिरवीत कुठे तडा गेला आहे का, ते पाहू लागले.