हंगामाबाहेरची लढत

क्रिकेटला जसा हंगाम असतो, तसा विद्यार्थ्यांच्या यंत्रमानवांनाही असतो. अमेरिकेतील संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. तिची पहिली स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील मँचेस्टर येथे भरली, तेव्हा संघ होते केवळ २८. आज शालेय विद्यार्थ्यांचे तीन हजारांहून अधिक संघ तीत उतरतात. मुंबईतील विद्यार्थ्यांनीही तीत भाग घेतला आहे.

दरवर्षी जानेवारीत एक संपूर्ण नवा खेळ जाहीर होतो. तोवर त्याचे नियम कोणासही ठाऊक नसतात. त्यानंतर काही आठवड्यांतच यंत्र उभे करावे लागते. सामना सुमारे अडीच मिनिटांचा असतो. आरंभीचे काही क्षण यंत्र स्वतःच्या बुद्धीने चालते, पुढे विद्यार्थी ते चालवतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन संघांची युती असते. प्रादेशिक स्पर्धांतून पात्र ठरलेले संघ एप्रिलमध्ये ह्यूस्टन येथील अजिंक्यपद स्पर्धेत पोहोचतात आणि तेथे अधिकृत हंगाम संपतो.

यंत्रे मात्र तेव्हाच अडगळीत जात नाहीत. उन्हाळ्यापासून वर्षअखेरपर्यंत ठिकठिकाणी हंगामाबाहेरच्या स्पर्धा भरतात. त्या बहुधा एखादा संघ किंवा स्थानिक स्वयंसेवकच भरवतात. तेथील विजयाने ह्यूस्टनचे दार उघडत नाही. मग त्या भरवायच्या तरी कशासाठी?

पुष्कळ जण त्यांना नुसते 'मैत्रीपूर्ण सामने' समजतात. हे मत पटण्याजोगे नाही. इंडियाना राज्यात जुलैमध्ये होणारी निमंत्रितांची स्पर्धाच पाहा. तेथे निवडक बलाढ्य संघ एकाच मैदानावर भिडतात. ह्यूस्टनमध्ये २०२३ पासून सहाशेंच्या आसपास संघ आठ गटांत विभागले जातात. त्यामुळे दोन उत्तम संघांची गाठ पडेलच असे नाही. शिवाय जुलैपर्यंत यंत्रांतील उणिवा दूर झालेल्या असतात आणि चालकांचा हातही बसलेला असतो. आयोजक त्या वर्षीच्या खेळाचे काही नियमही बदलतात. कॅलिफोर्नियात २५४ क्रमांकाचा नामांकित संघ 'चेझी चॅम्प्स' ही अशीच स्पर्धा भरवतो. निव्वळ खेळाच्या दर्जाचा विचार केला, तर अशा लढती अजिंक्यपदापेक्षा उणे ठरत नाहीत.

तरीही एक गोष्ट त्यांना साधत नाही. जुलैमध्ये खेळाचे कोडे सुटलेले असते. कोणती रचना यशस्वी ठरली, हे सर्वांनी पाहिलेले असते. अज्ञात प्रश्नाला मोजक्या दिवसांत प्रथम उत्तर शोधण्याची कसोटी अधिकृत हंगामातच लागते. तेथील सर्वोच्च सन्मान, 'इम्पॅक्ट पुरस्कार', यंत्राच्या विजयासाठी नसून संघाने समाजात केलेल्या कार्यासाठी असतो, हेही ध्यानात घ्यावे.

खरा भेद मात्र माणसांत दिसतो. अधिकृत सामन्यात यंत्राची सूत्रे सर्वांत सराव झालेल्या विद्यार्थ्याकडे जातात, आणि ते स्वाभाविकच आहे. नववीतील मुलगा वर्षभर तारा जोडतो, खिळपट्ट्या कसतो, पण चालकाच्या जागी उभा राहत नाही. हंगामाबाहेर त्याला ती जागा मिळते. काही स्पर्धांत तर यंत्र चालवणाऱ्या सर्व मुलीच असाव्यात, असा नियमच असतो. एरवी मागे राहणाऱ्या मुली तेथे नियंत्रक हाती घेतात, चुकतात, पुढच्या सामन्यात चूक सुधारतात. चुकीची किंमत अजिंक्यपद गमावण्याइतकी जबर नसते. वरच्या वर्गातील विद्यार्थी तोवर शाळा सोडून गेलेले किंवा जाण्याच्या बेतात असतात. त्यांच्याजवळचे ज्ञान धाकट्यांच्या हाती सोपवण्यास याहून सोयीची वेळ नाही.

या स्पर्धांना थकलेली यंत्रे येतात, कित्येक संघांत निम्मे सदस्य गैरहजर असतात, हेही खरे. डिसेंबरमध्ये जुन्या यंत्राच्या मोटारी सुट्या करण्याचे काम सुरू होते. जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो, तेव्हा त्याच मोटारी नव्या सांगाड्यावर चढवण्यासाठी उन्हाळ्यात प्रथमच चालक झालेली मुले पुढे सरसावतात.