राखीव प्रतींचा विभाग आणि डीफ्रॅगमेंटेशन

मागील घटकात आपण बोलींचे ध्वनिमुद्रण, लिप्यंतर व शब्दसूची संगणकावर कशी साठवावी हे पाहिले. या सामग्रीचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, हार्ड डिस्कच्या स्वतंत्र विभागात किंवा शक्यतो निराळ्याच डिस्कवर ठेवावी, असेही तेथे सुचविले होते. त्यावर संपर्कसत्रांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. संगणक संथ झाला की डिस्क डीफ्रॅगमेंट करावी असे सांगतात. मग बॅकअपचा विभागही अधूनमधून डीफ्रॅगमेंट करावा काय? बहुतेक प्रसंगी याचे उत्तर नकारार्थी आहे. त्यामागील कारण मात्र नीट समजून घ्यावे, कारण येथे वेळेपेक्षा अधिक मोलाचे काही गमावण्याचा संभव असतो.

फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर फाइल नेहमी सलग लिहिली जात नाही. मोकळी जागा सापडेल तसे तिचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी पडतात आणि वाचताना डिस्कच्या शीर्षाला एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवा तो भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शीर्षाच्या हालचालीचा वेळ मिळवला, तर प्रत्येक उडीस ढोबळमानाने १५ मिलिसेकंद धरावेत. हे तुकडे हलवून सलग मांडणे म्हणजे डीफ्रॅगमेंटेशन. (यासाठी ‘एकसंधीकरण’ हा शब्द मला बरा वाटतो, परंतु विद्यार्थ्याला संगणकाच्या पडद्यावर जो शब्द भेटतो, तोच येथे वापरला आहे.)

आता हिशेब करू. उत्तम प्रतीचे एक तासाचे ध्वनिमुद्रण साधारण १ जीबी जागा घेते. चाळीस तासांच्या मुद्रणाची ४० जीबीची एकच बॅकअप फाइल आहे आणि तिचे २००० तुकडे झाले आहेत, असे समजा. त्यामुळे वाचनास जादा लागणारा वेळ सुमारे ३० सेकंद. सेकंदाला १०० एमबी या गतीने ती फाइल वाचण्यास तसेही ४०० सेकंद लागणारच. शिवाय बॅकअप आपण रोज वाचत नाही; मूळ सामग्री नष्ट झाली तरच वाचतो. त्या एका दिवशी वाचणाऱ्या अर्ध्या मिनिटासाठी आज ४० जीबी मजकूर उचलून पुन्हा लिहावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

खरा धोका जुन्या आवृत्त्यांना आहे. विंडोजमध्ये ‘शॅडो कॉपी’ नावाची सोय आहे. डिस्कवरील एखादा भाग बदलण्यापूर्वी त्यातील जुना मजकूर राखून ठेवलेल्या जागेत नोंदवला जातो. ती जागा भरली की सर्वांत जुनी आवृत्ती गळते. विंडोज ७ मधील संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणारी सोय बाहेरील डिस्कवर पूर्वीच्या आवृत्त्या याच पद्धतीने ठेवत असे. डीफ्रॅगमेंटेशनमध्ये मजकूर बदलत नाही, केवळ जागा बदलते. पण विभागाची मांडणी नेहमीच्या ४ केबीच्या एककांत असेल, तर ही हलवाहलवही बदल म्हणून नोंदली जाऊ शकते. राखीव जागा भरभर भरते आणि जुन्या आवृत्त्या निमूटपणे नाहीशा होतात. म्हणूनच अशा विभागाचे एकक १६ केबी किंवा अधिक ठेवावे, असा मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे.

हा अनुभव मी स्वतः घेतला आहे. वऱ्हाडी संभाषणांच्या लिप्यंतरात ‘करून राहिला’ अशी रूपे होती. संहिता नीटनेटकी करण्याच्या भरात मी त्यांतील कित्येक ठिकाणी ‘करत आहे’ असे लिहून बसलो. चूक ध्यानात आली तेव्हा बॅकअपमधील जुनी आवृत्ती शोधू लागलो. पण आदल्याच आठवड्यात मी तो विभाग हौसेने डीफ्रॅगमेंट केला होता. ध्वनिफिती शाबूत होत्या म्हणून निभावले, तरी लिप्यंतर पुन्हा करण्यात दोन महिने गेले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तरीही त्यापूर्वीच्या पोथ्यांचा शोध अभ्यासक का घेत राहिले, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

मूळ डिस्कच्या बाबतीतही क्रम सांभाळावा. काही बॅकअप प्रणाली केवळ डिस्कवरील बदललेले भाग टिपतात. मूळ डिस्क डीफ्रॅगमेंट केली की अशा प्रणालीला पुष्कळसे भाग बदललेले दिसतात आणि पुढचा छोटा बॅकअप अवाढव्य होतो. म्हणून आधी डीफ्रॅगमेंटेशन, मग पूर्ण बॅकअप.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. फाइलींची अनुक्रमणिकाच बिघडली, तर सलग असलेल्या फाइली परत मिळवणे सोपे जाते. शिवाय ज्या विभागात साध्या फाइली वारंवार लिहिल्या व पुसल्या जातात आणि जागा जवळजवळ भरली आहे, तो खरोखरच मंदावतो. तेव्हाही मला दुसरा मार्ग श्रेयस्कर वाटतो: सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा, त्या उघडून तपासा, मगच पहिला विभाग रिकामा करून त्या परत लिहा. रिकाम्या जागेत त्या बहुतांशी सलग बसतात आणि दुसरी प्रत हाती राहते. जुन्या शॅडो कॉपी मात्र अशा नकलेत येत नाहीत. त्या हव्या असतील तर विभागाला हात लावू नये. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डीफ्रॅगमेंटेशनचा विचारही करू नये. प्रथम सामग्री बाहेर काढावी. एसएसडीमध्ये फिरते शीर्षच नसते, त्यामुळे तेथे लाभ नगण्य आणि लेखनाची झीज तेवढी पदरी पडते.

एक गोष्ट आजच तपासा. विंडोज हे काम आपल्याला न विचारता दर आठवड्याला करीत असते. ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’ उघडून ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जा, तेथे ‘चूज’ निवडा आणि बॅकअपच्या विभागापुढील खूण काढून टाका.