तियाउ नदीच्या अलीकडे

मिझोरामच्या घराघरांत स्वयंपाकाला बसण्यापूर्वी बाई तांदूळ मोजून घेते आणि त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. दोन वेळचा भात, दोन वेळची मूठ. चर्चच्या महिला मंडळातल्या बाया ठरल्या दिवशी दारोदार फिरून हा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे चर्चच्या कामाला लागतात. ‘बुहफाई थाम’ नावाची ही प्रथा १९१० च्या सुमारास सुरू झाली. देणगी द्यायला रोख पैसा नव्हता, पण चूल रोज पेटत होती. आज या मुठींतून दरवर्षी कोट्यवधी रुपये उभे राहतात. रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यातले मर्म वेगळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिकडची मूठ शंभर वर्षांनंतरही थांबलेली नाही.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की मिझोरामने निर्वासितांसाठी काय केले याच्या बातम्या येतात तेव्हा ते सारे एका रात्रीत उफाळलेल्या भूतदयेसारखे रंगवले जाते. मला ते पटत नाही. तिथे संकट येण्यापूर्वीच सगळी मांडणी तयार होती.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. शेजारच्या चिन प्रांतातून लोक तियाउ नदी ओलांडून चंफाई जिल्ह्यातल्या झोखावथारला येऊ लागले. त्यांत लष्कराचा हुकूम न मानलेले पोलीसही होते. मिझोराम आणि म्यानमारची हद्द ५१० किलोमीटरची, डोंगरदऱ्यांतून जाणारी, बहुतेक ठिकाणी कुंपणाविना. मार्चमध्ये केंद्रीय गृहखात्याने ईशान्येतल्या राज्यांना पत्र पाठवले : घुसखोरी रोखा, आलेल्यांना परत पाठवा. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी थेट पंतप्रधानांना लिहून कळवले की मिझोरामला हे मान्य होणे शक्य नाही. झोरामथांगा स्वतः मिझो बंडाच्या काळात भूमिगत होते, परदेशात राहिलेले होते. परागंदा होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे कायद्याच्या लेखी ही माणसे निर्वासित नव्हेतच, नुसते परदेशी. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची कचेरी दिल्लीत. मिझोरामच्या सीमेवर तिचे काम नाही. केंद्राची परवानगी नाही, बाहेरची मोठी संस्था नाही. मग उरले गावातले चर्च, समाजमंदिर आणि तरुणांची संघटना.

ही संघटना म्हणजे यंग मिझो असोसिएशन, सगळ्यांच्या तोंडी ‘वायएमए’. कागदोपत्री ती चर्चची नाही, पण १५ जून १९३५ रोजी ती स्थापन झाली ती वेल्श मिशनरी आणि मिझो पुढारी यांच्या बैठकांतूनच, आणि आजही चर्चमध्ये आणि वायएमएत दिसणारी माणसे बव्हंशी तीच असतात. प्रत्येक वस्तीला, म्हणजे ‘वेंग’ला, तिची शाखा. वस्तीत कोणी गेले की कर्ण्यावरून घोषणा होते. तरुण पोरे कुदळ-फावडी घेऊन कबर खणायला जातात, आणि पुरल्यानंतरही काही रात्री दुःखातल्या घरी जमून गाणी म्हणतात. याचा कोणी हिशेब ठेवत नाही, कारण उद्या आपल्या दारी तीच पोरे येणार असतात. जंगलात वाट चुकलेल्याला शोधणे, कोसळलेला रस्ता मोकळा करणे, आगीत घर गेले तर पुन्हा उभारणे ही कामेही त्यांचीच. स्वतःआधी दुसऱ्याचा विचार करण्याच्या या वृत्तीला मिझो लोक ‘त्लॉमङाइना’ म्हणतात. ती ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासूनची. पहिले दोन मिशनरी तिथे पोचले ते जानेवारी १८९४ मध्ये. चर्चने तिला शाखा, वर्गणी आणि वहीखाते दिले, असे म्हणणे जास्त बरोबर होईल.

तेव्हा नदीपलीकडून माणसे आली तसे काय करायचे हे ठरवायला फार वेळ लागला नाही. बांबू तोडून आणले, वर ताडपत्री घातली, जागा कमी पडली तिथे चर्चचे आणि शाळांचे हॉल उघडले. कोणी घोंगड्या दिल्या, कोणी परसातली भाजी. कितीतरी कुटुंबे सरळ नातलगांच्या घरी उतरली. राज्याच्या शिक्षणखात्याने निर्वासित मुलांना सरकारी शाळांत प्रवेश द्यायला सांगितले. सप्टेंबर २०२१ मध्ये चिन प्रांतातले थान्तलांग गाव पेटले. जळते घर विझवायला धावलेला तिथला एक तरुण बाप्टिस्ट पाद्री गोळी लागून मेला, आणि जवळजवळ सगळे गाव रिकामे झाले. पुढे म्यानमारमधून आलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर गेला. ज्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अकरा लाखही भरली नव्हती, त्या राज्याची ही गोष्ट.

त्यातही वेळ कोणती, ते पाहा. करोनाची साथ चालू होती. २६ जुलै २०२१ ला आसाम आणि मिझोराम यांच्या पोलिसांत हद्दीवरून गोळीबार झाला, आसामचे सहा पोलीस मेले, आणि त्यानंतर काही दिवस मालाच्या गाड्या अडून राहिल्या. मिझोरामला लागेल तेवढा तांदूळ मिझोराममध्ये पिकत नाही, तो याच रस्त्याने बाहेरून येतो. अशा दिवसांत आपल्या ताटातले काढून देण्याला वेगळे वजन असते.

एवढी ओढ कुठून आली? मिझो आणि चिन एकाच वंशवेलीतले, भाषा एकमेकींना जवळच्या, बहुतेक सगळे ख्रिस्ती. शिवाय १९६६ ची आठवण आहे. मिझो नॅशनल फ्रंटने उठाव केल्यावर ५ मार्च १९६६ रोजी भारतीय हवाई दलाने ऐझॉलवर हल्ला केला. त्यापुढची वीस वर्षे, ३० जून १९८६ च्या करारापर्यंत, धामधुमीची होती. त्या काळात कितीतरी मिझो कुटुंबे जीव घेऊन ब्रह्मदेशातल्या चिन टेकड्यांत गेली होती. तेव्हा दारे उघडली ती या लोकांच्या आजी-आजोबांनी.

नोव्हेंबर २०२२ पासून बांगलादेशातल्या चितगाव डोंगरी भागातले बॉम लोक लाँगतलाई जिल्ह्यात येऊ लागले. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले आणि बारा हजारांहून अधिक कुकी-झो लोक मिझोराममध्ये आले. हे तर आपल्याच देशाचे नागरिक. तिन्ही वेळा कामाची पद्धत तीच होती, फक्त खांदे थकत चालले होते. महिन्याची मदत वर्षांवर गेली की वर्गणी आटते, मजुरीच्या दरावरून कुरबुरी होतात, सीमेवर अमली पदार्थ पकडले गेले की संशयाची बोटे छावणीकडे वळतात. २०२३ मध्ये केंद्राने निर्वासितांचे बोटांचे ठसे वगैरे घ्यायला सांगितले तेव्हा राज्य सरकारने नकार दिला. २०२५ मध्ये सरकार बदललेले होते आणि ते काम सुरू झाले.

आणखी एक गोष्ट कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. १९९७ मध्ये याच मिझोराममधून तीस हजारांहून अधिक ब्रू लोकांना वांशिक हिंसाचारामुळे त्रिपुरात पळावे लागले. ते तिथल्या छावण्यांत दोन दशकांहून जास्त राहिले. त्यांना परत आणण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले आणि अखेर जानेवारी २०२० च्या कराराने त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. ब्रूंमध्येही ख्रिस्ती आहेत, पण ते मिझो नाहीत. चिन लोकांसाठी उघडलेले दार त्यांच्यासाठी तसे उघडले नाही. नात्याने मदतीला बळ येते आणि तिची हद्दही नातेच ठरवते, एवढे यातून दिसते.

पण तेवढ्यावर निकाल देऊन मोकळे व्हावे, तर सैरांग आडवे येते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ऐझॉलजवळ सैरांगला बांधकाम चालू असलेला रेल्वेचा पूल कोसळला. वीसहून अधिक मजूर गेले, बहुतेक बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातले. पुढच्या वर्षी २८ मे रोजी, रेमल चक्रीवादळाच्या पावसात, ऐझॉलच्या मेल्थुमची दगडखाण खचली. तिथे गाडल्या गेलेल्यांत परराज्यांतले मजूरही होते. दोन्हीकडे ढिगाऱ्यात उतरलेल्यांत जवळच्या वस्त्यांतली वायएमएची पोरे होती.