झोपेची गोळी आणि मनाची गोळी

मुकुंदवाडी, संजयनगर ही आपली चिकलठाणा एमआयडीसीला लागून असलेली कामगारवस्ती. इथे नुसते 'गोळी' म्हटले तरी आईबापांच्या पोटात गोळा येतो, कारण डोळ्यांसमोर येते ते 'बटन'. नशेसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या या बटनाच्या पट्टीवर अनेकदा नायट्राझेपाम हे नाव असते. मुळात हे झोपेचे औषध. पोरांनी त्याची नशा केली आणि सगळ्याच गोळ्या बदनाम झाल्या.

त्यामुळे होते काय, की घाटीतल्या मानसोपचार विभागातून कुणाला उदासीचे औषध लिहून मिळाले, की घरची माणसेच म्हणतात, "बंद कर ते, सवय लागेल. उद्या येरवड्याला न्यावे लागेल." आणि त्याच घरात फळीवरच्या डब्यात आजीची अल्प्राझोलामची पट्टी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालू असते. आमच्या मते इथे भीती नेमकी उलट्या जागी बसली आहे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी एकाच कुळातली औषधे. तासाभरात गुंगी येते, माणूस झोपतो. म्हणून ती 'चांगली' वाटतात. पण काही आठवड्यांतच शरीर त्यांना सरावते. मग अर्ध्याची एक होते, एकाच्या दोन होतात. म्हणून ती थोडे दिवस, फार तर दोन-चार आठवडे द्यावीत असा डॉक्टरांचा संकेत आहे. क्लोनाझेपामचा अंमल दुसऱ्या दिवशीही राहतो. सकाळी मशीनवर उभे राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. म्हातारी माणसे रात्री लघवीला उठताना पडतात, खुबा मोडतो, त्यामागेही पुष्कळदा हीच गोळी असते. झोल्पिडेम हे जरा निराळे. त्याचा अंमल लवकर उतरतो. पण काही माणसे ते घेऊन झोपेतच चालतात, आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. बायकांच्या अंगात ते जास्त वेळ राहते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली स्त्रियांसाठी त्याची मात्रा निम्मी करायला सांगितली.

आपल्याकडे २०१४ पासून यांतली बरीच औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत लिहून ठेवायचे असते. चिठ्ठीवाचून मेडिकलवाला देत असेल तर तो उपकार करीत नाही.

उदासीची औषधे वेगळी. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही आज नेहमी दिली जाणारी. यांनी नशा येत नाही, म्हणून यांचे बटन कुणी विकत नाही. मात्र त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा हा त्रास पहिल्याच आठवड्यात होतो. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर! आमच्या ओळखीच्या एका ताईंनी पाचव्या दिवशी गोळ्या बंद केल्या आणि शेजारणीची झोपेची गोळी सुरू केली. "तिने लगेच फरक पडला," असे त्या सांगत. फरक झोपेत पडला होता. रडणे, जेवण न जाणे, पहाटे तीनला दचकून जागे होणे तसेच राहिले.

मग यांतले कोणते औषध चांगले? २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २१ औषधांची तुलना छापून आली. ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर रोगी. सगळीच औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. आपसांतला फरक मोठा नव्हता. गुणाला सर्वांत वर आले ते जुने, स्वस्त ॲमिट्रिप्टिलिन. पण त्याने तोंडाला कोरड पडते, शौचाला खडा होतो, सुस्ती येते आणि जास्त पोटात गेले तर ते हृदयावर बेतते. ज्याला झोपही नाही आणि भूकही नाही, त्याला डॉक्टर कधी मिर्टाझापिन देतात. तेव्हा निवड रोग्याप्रमाणे होते, शेजारणीप्रमाणे नाही.

आकड्यांवरूनही फसगत होते. 'मला ५० ची आहे, तुला ०.५ चीच' असे बायका बोलतात. सर्ट्रालिनचे ५० आणि क्लोनाझेपामचे ०.५ यांची तुलना म्हणजे किलो आणि मीटर यांची तुलना. आणखी एक गोष्ट. आपल्या बाजारात एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. रोग्याला वाटते आपण एकच औषध घेतो. पट्टी उलटून बारीक अक्षरे वाचा, नसेल दिसत तर दहावीतल्या पोराकडून वाचून घ्या.

दोन्ही जातींची औषधे एकदम तोडू नयेत. झोपेची जुनी गोळी एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते. उदासीची सोडली तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यागत होते. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते, आणि उतरवायचे ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिल्या आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे, कारण कधीकधी त्या काळात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढतात. असे काही बोलणे कानावर आले तर माणसाला एकटे सोडू नका, घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात ठेवा आणि १४४१६ या टेलिमानसच्या फुकट क्रमांकावर लावा. तिथे रात्रीबेरात्री, मराठीतही बोलता येते.

रात्रपाळी करणाऱ्याची झोप मोडणे हा काही उदासीचा आजार नव्हे. दिवसा खिडकीला जाड चादर लावणे आणि शेवटचा चहा पाळी सुटायच्या बऱ्याच आधी घेणे, एवढ्यानेही पुष्कळांचे भागते. पण दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर घाटीत जावे. जाताना बीपी-शुगरसकट घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात. दिवस गेलेले असतील तर आधी सांगावे. दारू घेत असाल तर तेही सांगावे, कारण झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावून माणूस दगावतो. बायको शेजारी बसली असली तरी सांगावे. तिला ते ठाऊकच असते.