भरल्या अंगाची पत

लातूरच्या गंजगोलाईत, 1917 साली उभ्या राहिलेल्या त्या वर्तुळाकार पेठेत, लोडाला टेकून बसलेल्या अडत्याचे सुटलेले पोट दोन पिढ्यांपूर्वी व्याधीचे नव्हे, तर ऐपतीचे लक्षण समजले जाई. आणि ज्या मुलखाने 1972 च्या दुष्काळात खडी फोडून दिवस काढले, त्याने भरल्या अंगातच सौख्य पाहावे, यात नवल ते काय!

मुखेड-कंधारकडची जी स्त्री मुकादमाची उचल अंगावर घेऊन नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते आणि सारा हंगाम डोक्यावरून मोळ्या वाहते, ती गावी परतली की शेजारीण म्हणते, "लई वाळलीस की माय!" या उद्गारात माया असते खरी, परंतु जिची गुजराण केवळ अंगबळावर, तिच्या मनात त्याने पुढच्या हंगामाची आणि न फिटलेल्या उचलीची धास्तीच जागी होते.

याउलट, नांदेडच्या नोकरदार घरातली, लातुरात खोली घेऊन डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी दिवसभर बैठक मारणारी मुलगी दिवाळीला घरी आली की मावशी गुणांआधी तिच्या अंगाची चौकशी करते : "अगं, किती सुटलीस! उद्या स्थळं यायची." मुलगी काही बोलत नाही; अर्धी पोळी ताटात टाकून उठते. तिच्या भावाची मात्र, तितक्याच वाढल्या वजनाला, तब्येत सुधारलेली असते. हा पक्षपात मला अत्यंत क्लेशकारक वाटतो.

सोबल आणि स्टंकार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1989 साली दाखवून दिले, की विकसनशील देशांत स्थूलता संपन्नांकडे, तर विकसित देशांतील स्त्रियांमध्ये ती निर्धनांकडे अधिक आढळते. आपण या दोहोंच्या सांध्यावर आहो : 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाचांतील सुमारे एक स्त्री कृश, तर त्याहून किंचित अधिक स्त्रिया अतिवजनाच्या. शिवाय डोळ्यांचा निवाडा शास्त्रालाही मान्य नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोंची, तरीही आपल्या या किडमिडीत बालकांच्या अंगी चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक, हे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सिद्ध केले.

असे असता अनेक दवाखान्यांत वजनाचा आकडा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा पुकारला जातो. तो निमूटपणे कागदावर लिहून रुग्णाच्या हाती देण्यास सरकारी मंजुरी लागत नाही की दमडीचा खर्च येत नाही. नांदेड-लातूरच्या डॉक्टरांनी एवढे तरी उद्यापासून करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.